वानखेडे मॅडमचं भेव

"तुले कशाकशाचं भेव वाटते?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही मराठीत. जयपुरातल्या सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. बाहेर सगळा हिंदीचा कारभार चाललेला. माझ्या अर्जावरचं 'सातारा' वाचून बाईंनी सरळ वऱ्हाडी सुरू केलं. त्या टेबलापलीकडे बसल्या नव्हत्या. तिथली गुबगुबीत खुर्ची रिकामी होती आणि त्या दाराला लागून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, अर्ध्या बाहेर असल्यासारख्या बसल्या होत्या.

मुलाखतीत जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं. "कशाचंच नाही, मॅडम. कुठल्याही साइटवर जाईन."

त्यांचा चेहरा पडला. "मग कठीण आहे," त्या म्हणाल्या. "आपलं काम बंद कारखान्यात असते. तिथं न भेणारं माणूस मले नको."

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी जयपूरला आले होते, वर्षभर घरी बसून कंटाळले होते. नोकरी हातची जाते असं वाटून मी घाईघाईनं म्हणाले, "पालीला घाबरते. आणि लिफ्ट मध्येच बंद पडली तर."

"लिफ्टचं चालेल," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "सोमवारी ये. येतानी जिन्यानं ये."

या वानखेडे मॅडम, साइटवरच्या कामाच्या प्रमुख. वय चाळिशीच्या पलीकडे, अंगानं किरकोळ, केस घट्ट बांधलेले, पायात कायम जाडे सेफ्टी शूज. लग्नाला गेल्या तरी साडीखाली तेच शूज. वडील मूळचे बडनेऱ्याकडचे, रेल्वेत होते; बदली होऊन जयपूरला आले आणि इथंच रिटायर झाले. मॅडम जन्मल्या-शिकल्या इथंच. त्यांचं मराठी सगळं आईकडून कानानं घेतलेलं. त्यामुळे त्यात वऱ्हाड होतं, मध्ये मध्ये हिंदी होतं आणि पुस्तकातलं काहीच नव्हतं. 'भीती' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांच्या घरात तो 'भेव' होता आणि तो दिवसातून बऱ्याचदा लागायचा.

कारण मॅडम खरोखर भित्र्या होत्या. मी नम्रपणे किंवा गमतीनं म्हणत नाही. लिफ्टमध्ये जायच्या नाहीत. गाडीत पुढे बसायच्या नाहीत. हॉटेलात शिरलं की मेनूआधी वेटरला विचारायच्या, "भैया, पीछे से निकलने का रास्ता है क्या?" माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा शूज काढल्या काढल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून खाली बघितलं, गॅसची नळी बोटांनी चाचपली आणि मग "छान आहे घर" म्हणाल्या. माझ्या नवऱ्याला वाटलं, बाई विमा कंपनीतून आल्यात.

आमचं काम थोडक्यात सांगायला हवं. जुना कारखाना वाढवायचा, दुरुस्त करायचा म्हटलं की त्याचे नकाशे लागतात, आणि जुन्या कारखान्याचे नकाशे कधीच खरे नसतात. कुणी पाइप वळवलेला असतो, कुणी जिना हलवलेला असतो. म्हणून आम्ही लेझरनं सगळं मोजायचो. यंत्र मधोमध ठेवायचं. ते स्वतःभोवती फिरत चारी बाजूंना किरण फेकतं. किरण जिथं आदळतो तिथं एक ठिपका. असे कोट्यवधी ठिपके जमले की कॉम्प्युटरवर अख्खा कारखाना उभा राहतो, बोल्टसकट. आधी हे यंत्र तिपाईवर घेऊन माणसं हिंडायची. टाक्यांमधून, उंच जाळीच्या पुलांवरून, अंधाऱ्या तळघरांतून.

मग आमच्या मालकांनी चालतं यंत्र आणलं. चार पायांचं, डोकं नाही, शेपूट नाही, पाठीवर लेझरचा डबा. एकदा त्याला सोबत घेऊन वाट दाखवली की पुढे ते आपलं आपण जायचं, ठरल्या जागी थांबायचं, मोजायचं आणि परत यायचं. ऑफिसच्या चौकीदारानं पहिल्याच दिवशी त्याला 'बकरी' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

बकरी आली त्या दिवशी सगळे तिच्याभोवती फोटो काढत होते. दीपेंद्र, आमचा ऑपरेटर, तिला बसवत होता, उठवत होता. मॅडम दारात उभ्या. मी म्हटलं, "मॅडम, तुमची तर काळजीच मिटली. आता आत माणूस पाठवायलाच नको. या ना जवळ, घाबरू नका."

"मी तिले नाही भेत," त्या म्हणाल्या. "ती कशालेच भेत नाही, याचं मले भेव वाटते."

मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. महिन्याभरात एका सिमेंटच्या गोदामात बकरीला सकाळी वाट शिकवली आणि दुपारी एकटं सोडलं. मधल्या वेळात कुणीतरी नाल्यावरचं झाकण काढून ठेवलं होतं. यंत्राला खड्डा ओळखता यायला हवा होता. पण आत पाणी होतं, पाण्यावर उजेड चमकत होता, आणि यंत्राला ती जमीन वाटली. बकरी त्याच शांत चालीनं आली आणि त्याच शांत चालीनं नाल्यात गेली. आम्ही पडद्यावर बघत होतो. दीपेंद्र हळहळला. मॅडम मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. "पाह्यलं?" त्या मला म्हणाल्या. "भेलेल्या माणसानं इथं एक पाय मागं घेतला असता."

त्यानंतर त्यांचे नियम आणखी वाढले. यंत्र आत असताना आत कुणीही नाही. सोडण्याआधी मॅडम स्वतः हातात वायूचा मीटर घेऊन सगळी वाट चालणार. खड्डा असेल तर मीटर दोरीनं खाली सोडून बघणार. आणि ठिपक्यांचं चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, मध्ये आलेली माणसं आपोआप पुसून टाकायची, म्हणजे नकाशा स्वच्छ येतो. ती सोय मॅडमनी बंद करून ठेवली होती. "माणूस दिसलं पाहिजे," एवढंच कारण. मग ती पुसायचं काम आम्हाला हातानं करावं लागे आणि सगळे कुरकुरत.

साइटवर पोचलो की गाडीतून उतरायच्या आधी त्या प्रत्येकाला विचारत, "आज किसको किस बात का डर लग रहा है?" सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. दीपेंद्रचं उत्तर ठरलेलं: "बीवी का, मैडम." त्यावर त्या हसत नसत. "और?" म्हणत आणि तो काहीतरी खरं सांगेपर्यंत थांबत. एकदा मी म्हटलं, आज काहीच नाही वाटत. तर म्हणाल्या, "मग आज माझ्या जवळ राह्य."

माणसाच्या एवढ्या भीतीमागे काहीतरी घडलेलं असणार, असं मला वाटायचं. कुणीतरी बुडालं असेल, जळालं असेल. एका रविवारी त्यांच्या जगतपुऱ्यातल्या घरी गेले होते. त्यांची आई भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर मेणबत्ती, आणि मेणबत्तीखाली मॅडमनी पाणी भरून ठेवलेली ताटली. मी धीर करून विचारलं.

आईच बोलली, "काही नाही वं. लहानपणापासून अशीच. झोका उंच गेला की रडे."

मॅडम कांदा चिरत होत्या. "सगळे हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं, काय झालं होतं. काहीच नाही झालं. भेव वाटायले काही व्हावं लागते काय? मतलब, होण्याच्या आधीच वाटते ना ते?"

आता चाकसूची गोष्ट.

टोंक रोडवर चाकसूच्या पुढे मोहरीच्या पेंडेतून उरलंसुरलं तेल काढणारा एक कारखाना होता. पेंड एका द्रावकात भिजवून तेल सोडवतात. हे द्रावक पेट्रोलच्या भावंडांतलं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली सरपटते, खड्ड्यात साचते. जास्त श्वासात गेली तर माणूस गुंगून पडतो, आणि एवढीशी ठिणगी मिळाली तर सगळंच संपतं. मॅडमनी आधी हे काम नाकारलं होतं. आपलं यंत्र विजेवर चालतं, ते असल्या हवेसाठी बनवलेलं नाही, असं त्यांनी मालकांना स्पष्ट सांगितलं. पण कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होता, द्रावक काढून टाकलं होतं, टाक्या धुतल्या होत्या. कारखान्याचे मॅनेजर माथुर साहेब, भरघोस दाढीचे, गोड बोलणारे. त्यांनी तसं लेखी दिलं. शेवटी मॅडम आपल्या अटींवर तयार झाल्या.

श्राद्धाचे दिवस होते. कारखान्यात निम्मी माणसं सुट्टीवर. पाऊस संपून ऊन पुन्हा तापायला लागलं होतं, वारा पडलेला. सकाळी मॅडम मीटर घेऊन मुख्य शेडमधून हिंडल्या. मागच्या अंगाला जमिनीत पंपाचा खड्डा होता, कमरेएवढा खोल. त्यात त्यांनी दोरीनं मीटर सोडला. शून्य. पुन्हा सोडला. शून्य. सगळी माणसं बाहेर काढली, मुख्य दाराशी दोरी बांधली आणि दीपेंद्रनं बकरीला आत सोडलं. आम्ही बाहेर, निंबाच्या सावलीत टेबल टाकून पडद्यासमोर बसलो.

अर्धं काम झालं असेल. बकरी एकेका जागी थांबत होती, पडद्यावर ठिपक्यांचं करडं चित्र उमटत होतं. टाकी, पाइप, जिना. माथुर साहेबांनी चहा मागवला. शेडच्या मागच्या कोपऱ्याचं चित्र आलं आणि मॅडम पुढे वाकल्या.

"हे काय आहे?"

पंपाच्या खड्ड्याच्या कडेला, जमिनीलगत एक उंचवटा होता.

"गोणी असेल," मी म्हणाले.

"सकाळी इथं गोणी नव्हती."

त्यांनी दीपेंद्रला यंत्र पुढच्या जागी जाऊ दे म्हटलं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं दिसेल. ते चित्र यायला लागलेला वेळ मला फार लांबलचक वाटला. मग ठिपके भरत गेले. उंचवट्याला एक टोक आलं. टोकाला चपलेचा तळवा होता. दुसऱ्या बाजूला, खड्ड्याच्या कडेवरून खाली लोंबणारा हात.

आम्ही सगळे पडद्यावर वाकलो.

मॅडमनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दीपेंद्रच्या हातातला रिमोट घेतला आणि यंत्राला बसवलं. "अब ये हिलेगी नहीं," त्या म्हणाल्या. "कोई बटन नहीं." तेव्हा मला कळलं. तो माणूस कशानं पडला होता ते आम्हाला माहीत नव्हतं. पण वाफेनं पडला असेल, तर त्याच वाफेत, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आमचं विजेवर चालणारं यंत्र उभं होतं.

मग एकदम सगळं सुरू झालं. माथुर साहेब ओरडले, अंदर तो कोई है ही नहीं. कुणीतरी म्हणालं, कजोडमल दिसत नाही. कजोडमल हा ठेकेदाराचा माणूस. खड्ड्यातला गाळ उद्याच्या तपासणीआधी काढायचा राहिला होता, म्हणून ठेकेदारानं त्याला मागच्या छोट्या दारातून गुपचूप आत पाठवलं होतं. मॅडम सकाळी वाट तपासून आल्या त्याच्या नंतर. गाळ खरवडताना पाइपचं एक बूच निघालं आणि पाइपात राहून गेलेलं द्रावक खड्ड्यात उतरलं. हे सगळं आम्हाला मागाहून समजलं. त्या क्षणी समोर होती फक्त एक चप्पल.

एक इलेक्ट्रिशियन पंखा लावायला भिंतीकडे धावला. मॅडमचा आवाज मी पहिल्यांदा तेवढा मोठा ऐकला. "पंखा मत लगाना. हाथ मत लगा." तो स्विचवर बोट ठेवून थिजला. त्यांनी सगळ्यांचे मोबाइल टेबलावर ठेवायला लावले, माणसांना लांबून वळसा घालून मागचं दार आणि दोन्ही शटर हातानं उघडायला पाठवलं. मीटर त्यांनी दोरीनं दाराच्या आत, जमिनीलगत सरकवला. तो लगेच कोकलायला लागला आणि थांबेना.

तेवढ्यात रामफूल आला. कजोडमलचा धाकटा भाऊ, पलीकडच्या गोदामात पेंडेची पोती उचलत होता. धिप्पाड माणूस. तो सरळ दाराकडे धावला आणि मॅडम दारात आडव्या झाल्या. दोन्ही हात चौकटीला लावून.

"मेरा भाई है अंदर. हट जाओ मैडम."

"नहीं हटूँगी."

"वो मर जाएगा."

"तू जाएगा तो दो हो जाएँगे. फिर तीसरा जाएगा तुझे लाने."

त्यानं त्यांना ढकललं. त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं, कपाळातून रक्त आलं. हात सुटले नाहीत. त्यानं पुन्हा ढकललं. दीपेंद्र आणि मी त्याच्या कमरेला लोंबकळलो. तो रडत होता, शिव्या देत होता, मॅडमना, आम्हाला, यंत्राला. माथुर साहेबही ओरडायला लागले, जाने दीजिए मैडम, आपके ऊपर पाप लगेगा. मी मॅडमकडे बघितलं. त्यांची हनुवटी थडथड उडत होती. सगळं अंग कापत होतं, आणि त्या तशाच कापत दारात उभ्या होत्या.

मलाही वाटत होतं त्याला जाऊ द्यावं. तो मला आवरत नव्हता म्हणून नव्हे. त्या चपलेकडे बघवत नव्हतं म्हणून.

कारखान्याचा फायरमन भंवरलाल श्वासाची दोन नळकांडी घेऊन धावत आला. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. एकट्यानं आत जायचं नाही हा नियम, आणि त्याचा जोडीदार श्राद्धासाठी गावी गेलेला. माथुर साहेब पुढे झाले.

"दाढ़ी पर मास्क बैठता नहीं, साहब," भंवरलाल म्हणाला. "हवा घुस जाएगी."

रामफूलनं हात पुढे केला. पण त्यानं मास्क आयुष्यात घातला नव्हता. मॅडमनी प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांना वाटही माहीत होती. सकाळी त्या चालल्या होत्या आणि आता ठिपक्यांत तिचा प्रत्येक पाइप त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

त्या भिंतीच्या कडेला गेल्या आणि ओकल्या. तोंड पुसलं. सिलिंडर चढवताना बंद मी बांधले. माझ्या कानाशी त्या म्हणाल्या, "शुभा, मले लय भेव वाटून राह्यलं."

मी म्हटलं, "मी इथंच आहे." याला काही अर्थ नव्हता.

ती दोघं आत गेली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर मीटर कोकलत होता. शटर उघडल्यामुळे थोडा वारा सुटला होता. मी डोळे मिटले की मला स्फोट ऐकू यायचा, इतका खरा की मी दचकून डोळे उघडायची. रामफूल जमिनीवर बसून दोन्ही हातांनी माती उकरत होता.

मग मागच्या दाराकडून आरडाओरडा झाला. आम्ही वळसा घालून धावलो. भंवरलालनं कजोडमलला बगलेखाली धरलं होतं, मॅडमनी पाय. त्यांनी त्याला उघड्यावर निजवलं. तोंड निळं पडलं होतं. भंवरलालनं तोंडानं श्वास द्यायला सुरुवात केली. मॅडम मास्क काढून जरा लांब जाऊन बसल्या, गुडघ्यांत डोकं घालून. कजोडमल खोकला तेव्हा रामफूलनं हंबरडा फोडला. मॅडमनी मान वर केली नाही.

बकरी संध्याकाळपर्यंत आतच बसून राहिली. हवा साफ झाल्यावर चौघांनी उचलून बाहेर आणली.

कजोडमल वाचला. जयपूरच्या इस्पितळात बरेच दिवस होता. पण पूर्वीसारखा राहिला नाही. डावा हात थरथरायचा, बोलताना शब्द हरवायचे. मॅडम एक दिवसाआड जायच्या. रामफूल त्यांना वॉर्डात येऊ द्यायचा नाही. "मेरा भाई अंदर पड़ा था और ये औरत दरवाज़े पर खड़ी थी," असं तो इतर पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचा, मॅडमच्या देखत. त्या ऐकून घ्यायच्या, फळं नर्सकडे द्यायच्या आणि जिन्यानं खाली यायच्या. एकदा मी सोबत होते. त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारलं, थोडं आधी बाहेर काढलं असतं तर हात वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, कदाचित. कदाचित नाही. सांगता येत नाही.

परतताना त्या रिक्षात म्हणाल्या, "मी दारात उभी राह्यली नसती, तर रामफूल मेला असता. हे मले पक्कं वाटते. पण वाटणंच आहे ना ते."

एका हिंदी पेपरात छोटी बातमी आली, त्यात त्यांना 'निडर' म्हटलं होतं. ऑफिसात कुणीतरी ती कापून काचेवर चिकटवली. मॅडमनी ती काढून टाकली. "खोटं आहे," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसांत त्यांचं भेव वाढलंच होतं. रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की चप्पल दिसते, असं त्यांची आई मला फोनवर सांगायची. पुढच्या साइटवर गाडी थांबली तेव्हा मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. दीपेंद्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मैडम, उस दिन लगा था आप वापस नहीं आएँगी. अब हर बार लगता है." मॅडमनी मान हलवली. "मुझे भी," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या.

पुढच्या वर्षी नवऱ्याची नाशिकला बदली झाली. माझा शेवटचा आठवडा चालू असताना चाकसूच्या कारखान्याचं राहिलेलं अर्धं काम पुन्हा निघालं. माथुर साहेबांच्या जागी दुसरे मॅनेजर आले होते, ठेकेदारही नवा होता. मला वाटलं मॅडम नाही म्हणतील. त्या आल्या.

फाटकावर कजोडमल बसला होता. जड काम जमत नाही म्हणून त्याला चौकीदार केलं होतं. त्यानं आमच्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि उठून उभा राहिला. डावा हात त्यानं उजव्या हातात धरून ठेवला होता. मॅडम त्याच्यासमोर थांबल्या.

"आप ही हैं ना," तो शब्द शोधत म्हणाला. "मुझे तो कुछ याद नहीं. भाई बोलता है, आपने सबको रोक दिया था."

"हाँ. रोका था."

"और लोग बोलते हैं, आप ही लाईं."

"भंवरलालजी लाए. मैंने पैर पकड़े थे."

"अच्छा किया कि बुरा किया," तो म्हणाला, "मुझे पता नहीं, मैडम."

"मुझे भी नहीं, भैया," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी मीटर घेऊन शेड तपासली. आत जाताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, बाहेर आल्या तेव्हा कुडता पाठीला चिकटला होता. मग दीपेंद्रनं यंत्र सोडलं. मला सामान बांधायचं होतं, म्हणून दुपारीच कंपनीची गाडी मला परत घेऊन निघाली. मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगितलं.

गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. कजोडमल फाटकाजवळची आपली खुर्ची उचलून शेडसमोर घेऊन आला होता. तो मॅडमना बसायला सांगत होता, त्या मानेनं नको म्हणत होत्या. शेवटी तोच बसला. मॅडम त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन, आणि ती दोघं शेडच्या उघड्या दाराकडे बघत राहिली.